शेवाळीतील रोटिफर : ओळख जिवंतपणीच

पांढुर्णा आणि सौंसर हा सातपुड्याच्या दक्षिणेकडील संत्र्यांच्या बागांचा व सागवनांचा मुलूख. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन तो स्वतंत्र जिल्हा झाला. येथील विहिरींच्या काठांवर, देवळांच्या भिंतींवर आणि झाडांच्या सालींवर वाढणारी शेवाळी उन्हाळ्यात करपते व पहिल्या पावसाने पुन्हा हिरवी होते. अशा शेवाळीत आणि कुजत्या पालापाचोळ्यात डेलॉइड गटातील रोटिफर हे सूक्ष्म प्राणी राहतात.

त्यांची लांबी बहुधा ०.१ ते ०.५ मिलिमीटर असते. डोक्यावरील पक्ष्माभिकांची कडी फिरत्या चाकांसारखी भासतात. जळूप्रमाणे शरीर आखडत-ताणत चालतात, म्हणून 'जळू' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून गटाला नाव मिळाले. या गटात नर कधीही आढळलेला नाही; माद्या अनिषेकजननाने प्रजा निर्माण करतात.

ओलावा संपला की हा प्राणी आकसून सुप्त होतो. छपराच्या पन्हळीतील वाळलेली धूळ भिजवताच तो पुन्हा हालू लागतो, हे लेव्हेनहूक यांनी १७०२ मध्ये पाहिले. सायबेरियाच्या सुमारे २४,००० वर्षे गोठलेल्या मातीतील रोटिफर पुन्हा सजीव झाल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

ओळखीची लक्षणे

फॉर्मॅलिन किंवा अल्कोहोलमध्ये टाकताच डेलॉइडचा गोळा होतो व लक्षणे लपतात. म्हणून ओळख जिवंत प्राण्यावरूनच करावी लागते.

• फिलोडिना : पादाला चार बोटे.
• मॅक्रोट्रॅकेला : तीन बोटे, अंडी घालते.
• रोटारिया : तीन बोटे, पिले मादीच्या शरीरातच वाढतात.
• म्नियोबिया : बोटांऐवजी चिकटणारी चकती.
• हॅब्रोट्रोका : जठरात अन्नाच्या गोळ्या दिसतात.
• ॲडिनेटा : चाके नसतात; चपट्या डोक्याखालील पक्ष्माभिकांवर सरकते.

एवढ्यावरून प्रजातीचा वंश कळतो. प्रजातीसाठी पादावरील काट्यांचा आकार, वरच्या ओठाची ठेवण, त्वचेवरील सुरकुत्या वा कंटक आणि जबड्यातील दातांची संख्या पाहावी लागते.

नमुना

रुपयाएवढा कोरडा तुकडा कागदी पाकिटात ठेवावा. प्लास्टिकमध्ये बुरशी येते. तो उथळ बशीत पावसाच्या पाण्यात भिजवला की काही तासांत प्राणी बाहेर पडतात. ४० पट वर्धनाखाली शोध व १०० ते ४०० पट वर्धनाखाली निरीक्षण करावे. प्राणी खात असताना आणि चालत असताना, अशा दोन्ही स्थितींचे चित्रीकरण आवश्यक आहे.

'दुर्मीळ' कशाला म्हणावे?

जगात डेलॉइडच्या सुमारे ४५० प्रजाती ज्ञात आहेत. भारतात जेम्स मरे यांनी सिक्कीम हिमालयातील रोटिफरांवर १९०६ मध्ये लिहिले. पण हा गट तपासणारे आजही थोडेच. त्यामुळे एखादी प्रजाती खरोखर विरळ आहे की कोणी पाहिलीच नाही, हे केवळ नोंदींच्या संख्येवरून ठरत नाही. शिवाय बाहेरून सारखे दिसणारे प्राणी डीएनए तपासणीत वेगळ्या प्रजातींचे निघतात. म्हणून गावाचे नाव, तारीख, शेवाळी कशावर होती, मोजमापे आणि चित्रफीत यांसह केलेली नोंदच पुढे पडताळता येते. मृत गोळ्यावरून दिलेले नाव पुढच्या अभ्यासकाला चुकीच्या वाटेवर नेते.