रॅम्प्टनच्या किल्ल्या

ब्रॉडमूरच्या इस्पितळांत गुन्हेगार वेडे मावेनासे झाले, तेव्हां 1912 सालीं नॉटिंगहॅमशायरमधील रॅम्प्टन या खेड्याजवळ दुसरें इस्पितळ उघडण्यांत आलें. 1920 पासून तें, 1913 च्या कायद्यानें ‘मतिमंद’ ठरलेल्या लोकांपैकीं जे हिंसक मानले जात, त्यांच्यासाठीं राखून ठेविलें गेलें. यांतील कित्येकांनीं न्यायालयाचें तोंडही पाहिलें नव्हतें. दुसऱ्या संस्थेंत आवरेनात, एवढाच त्यांचा अपराध!

वेड आणि बुद्धीचें अपुरेपण या दोन गोष्टी भिन्न. वेडास औषधानें उतार पडूं शकतो. अपुऱ्या बुद्धीस शिकवण लागते, तीही धिमी. वैद्यानें जें सांगावें तेंच शिक्षकानें, आणि शिक्षकानें जें सांगावें तेंच परिचारकानें रात्रींबेरात्रीं पाळावें, तरच ती मुरते. येथें परिचारक तर तुरुंगाधिकाऱ्यांच्या संघटनेचे सभासद! वैद्याचा फेरा घटकाभराचा, किल्लीवाल्याचा सहवास आठ प्रहरांचा. रोग्याचा खरा वैद्य कोण, हें वेगळें सांगावयास नको.

1979 मध्यें यॉर्कशायर टेलिव्हिजननें आंतील मारहाणीच्या तक्रारी लोकांपुढें मांडल्या. सर जॉन बॉइन्टन यांच्या समितीचा अहवाल पुढल्याच वर्षीं निघाला. त्यांत सूचना दोनशेंहून अधिक. मला महत्त्वाचे वाटतात ते दोनच ठपके: संस्था बाहेरच्या विचारप्रवाहापासून तुटली होती, आणि सर्वांस एका दिशेनें नेणारें धुरीणत्व तेथें नव्हतें.

इंग्लंड-वेल्समधील अशा रोग्यांची अत्यंत कडक बंदोबस्ताची सोय आजही रॅम्प्टनलाच आहे. वैद्य, परिचारक, मानसशास्त्रज्ञ यांनीं एकत्र बसून एकेका रोग्याचा विचार करावा, अशी आतां तेथील रीत आहे.