एकाच भट्टीच्या विटा, दोन भिंती

आपल्या इमारतीची दर्शनी भिंत आणि मागची पार्किंगकडची भिंत, दोन्हींच्या विटा एकाच भट्टीतून आल्या. तरी आज पुढची भिंत तांबूस, एकसारखी दिसते आणि मागच्या भिंतीवर पिवळट-तपकिरी ओघळ आहेत. तिथल्या दरजा आपण आजवर दोनदा भरून घेतल्या. नव्या सभासदांना वाटतं, मागे पाऊस जास्त लागत असेल. तसं नाही. फरक पडला तो भिंती साफ करण्याच्या पद्धतीमुळे. त्या वेळी मी बांधकाम समितीत होतो, म्हणून ही हकीगत स्मरणिकेत नोंदवून ठेवतो.

हा प्रश्न मुळात सिमेंटबरोबर आला. पूर्वी वाडे चुन्यात बांधत. घाणीत मळलेला चुना सावकाश घट्ट होई आणि विटेवर सांडलेला माल लाकडी पट्टीने सुटून येई. १८२४ मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिन यांनी पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. पुढे जगभर सिमेंट पसरले, आणि ते एकदा विटेला धरले की सहज सुटत नाही. मग दोन जालीम उपाय निघाले. एक अ‍ॅसिड आणि दुसरा वाळूचा मारा. त्याचे पेटंट अमेरिकेत बेंजामिन टिल्घमन यांनी १८७० मध्ये घेतले. पण भट्टीत वीट भाजताना तिच्यावर जी कडक कातडी येते, ती वाळूने घाणीबरोबर निघून जाते आणि आतली मऊ वीट पाणी पिऊ लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेला १९७९ मध्ये या धोक्यावर खास पुस्तिका काढावी लागली.

आपल्याकडे अहमदाबादच्या आयआयएममध्ये लुई कान यांनी आणि केरळात लॉरी बेकर यांनी गिलावा न करता विटेचे रूप उघडे ठेवले. ती हौस हळूहळू आपल्यासारख्या सोसायट्यांपर्यंतही पोचली. मात्र गिलावा नसला की चुका झाकायला काही उरत नाही.

आपली दर्शनी भिंत हिवाळ्यात झाली. तिथले मुख्य गवंडी वयस्कर आणि शिस्तीचे होते. ओला माल पुसला तर तो विटेच्या छिद्रांत पसरतो, म्हणून ते तो थोडा आवळेपर्यंत थांबत, मग लाकडी पट्टीने खरवडून काथ्याच्या ब्रशने झाडत. संध्याकाळी परांचीची भिंतीलगतची फळी बाजूला सारून ठेवत, म्हणजे अवकाळी पाऊस आलाच तर फळीवरच्या मालाचे शिंतोडे भिंतीवर उडू नयेत. भिंतीचा माथा प्लॅस्टिकने झाकत. त्या भिंतीला अ‍ॅसिडची गरजच पडली नाही.

मागची भिंत पावसाळ्यात, घाईत उभी राहिली. ताब्याची तारीख ठरलेली, कित्येकांचे वास्तुशांतीचे मुहूर्त निघालेले. भिंत शिंतोड्यांनी भरली. उघडीप मिळताच ठेकेदाराने संडास-बाथरूम धुण्याच्या अ‍ॅसिडचे कॅन आणले आणि सुकलेल्या भिंतीवर ओतले. समितीची बैठक होईपर्यंत काम उरकलेही होते. कोरडी वीट तहानलेली असते. तिने अ‍ॅसिड आत ओढून घेतले. विटेतल्या लोहामुळे डाग उमटले, आणि अ‍ॅसिड सिमेंट विरघळवतेच, त्यामुळे दरजा भुसभुशीत झाल्या. अहो, पहिले आठ दिवस भिंत चकाचक दिसत होती, लोकांनी कौतुकही केलं!

हे आज सांगण्याचं कारण आपली रौप्यमहोत्सवी कमान. हा अंक हाती पडेल तेव्हा तिच्यावर सिमेंटचे थोडे ठिपके आणि पांढरी पूड दिसेल. "फोटोत वाईट दिसेल, अ‍ॅसिड मारून टाका," असा आग्रह काहींनी धरला होता. समितीने तूर्त ते थांबवले आहे.

ती पूड म्हणजे लोणा. बांधकामातलं पाणी विटेतले आणि मालातले क्षार विरघळवून बाहेर आणतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. नव्या कामात हे होतंच. भारतीय मानकात लोण्याची चाचणीच आहे: वीट २५ मिलिमीटर पाण्यात उभी करून सुकू द्यायची, पुन्हा तेच करायचं, मग बघायचं. पांढरा थर १० टक्के पृष्ठभागापर्यंत असेल तर लोणा किंचित, ५० टक्क्यांपर्यंत मध्यम.

यावर उपाय साधा आहे. कोरड्या दिवशी कोरड्या ब्रशने झाडायचं आणि पूड गोळा करून टाकायची. पाणी मारलं तर तेच क्षार परत आत जातात आणि सुकल्यावर पुन्हा वर येतात. सिमेंटच्या ठिपक्यांना आधी लाकडी पट्टी, मग त्याच विटेचा तुकडा घेऊन हलक्या हाताने घासायचं. तारेचा ब्रश नको, त्याचे लोखंडी कण विटेत अडकून गंजतात. एवढ्यानेही काही राहिलंच, तर कमानीच्या मागच्या कोपऱ्यात वीतभर जागी नमुना करून आठवडाभर पाहावं. भिंत आधी भरपूर भिजवायची, अ‍ॅसिड पाण्यात ओतून अगदी पातळ करायचं (पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही), हातमोजे आणि चष्मा घालायचा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवायचं. लोखंडी फाटकाजवळ मात्र अ‍ॅसिड नकोच.

येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय आहे. माझी सूचना एवढीच, की पुढचा पावसाळा जाऊ द्या. दिवाळीआधी कमान सुकली की सगळे मिळून पाहू आणि मग ठरवू.