सूचिवेध प्रतिबंध, शस्त्रक्रियेतील

रुग्णाच्या रक्ताने दूषित झालेली सुई शस्त्रक्रियेच्या वेळी शल्यचिकित्सक, परिचारिका वा साहाय्यक यांच्या त्वचेत घुसून होणाऱ्या इजेस सूचिवेध म्हणतात. जखम सूक्ष्म असली, तरी तीतून यकृतशोथ-ब, यकृतशोथ-क व एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो.

हा धोका जुना आहे. व्हिएन्ना येथील न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोप कोलेच्का यांना १८४७ मध्ये शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याची सुरी लागली आणि त्यातून झालेल्या जंतुसंसर्गाने ते मरण पावले. त्यांच्या मृत्यूवरूनच झेमेलव्हाइस यांना सूतिकाज्वराचे कारण उमगले. १८८९-९० च्या सुमारास बाल्टिमोर येथे हॉल्स्टेड यांनी रबरी हातमोजे करविले, ते जंतुनाशकांमुळे परिचारिकेच्या हातांना होणारा त्रास टाळण्यासाठी. पुढे त्यांचा वापर मुख्यतः रुग्णाच्या रक्षणासाठी रूढ झाला. कर्मचाऱ्याला सुई टोचणे हा त्याचाच निष्काळजीपणा समजला जाई.

सूचिवेधातून एचआयव्हीचा संसर्ग झाल्याची पहिली नोंद १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ही दृष्टी बदलली. प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गजन्य मानावे, हे तत्त्व अमेरिकेत १९८७ मध्ये मांडले गेले. एका सूचिवेधामागे एचआयव्हीच्या संसर्गाचा धोका सु. ०·३ टक्का असतो; लस न घेतलेल्यास यकृतशोथ-ब होण्याचा धोका मात्र ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

प्रतिबंधाचा भर केवळ दक्षतेवर नसून कामाच्या रचनेवर असतो. सुई बोटांनी न धरता चिमट्याने धरतात. धारदार उपकरणे हातोहात न देता मध्ये ठेवलेल्या तबकातून देतात. स्नायू व त्यांवरील आवरणे शिवण्यासाठी बोथट टोकाच्या सुया आणि हातमोज्यांचे दोन जोड वापरतात. वापरलेल्या सुईस पुन्हा टोपण लावत नाहीत. भारतातील २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार ती न भोसकली जाणाऱ्या पांढऱ्या, अर्धपारदर्शक पात्रात टाकावी लागते.

भंडाऱ्यापासून १९९९ मध्ये वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अशा ठिकाणी शस्त्रक्रियागृहात नवशिके हातही काम करीत असल्याने या सवयी शिक्षणाबरोबरच अंगी बाणणे आवश्यक असते. सुई टोचल्यास जखम साबण व पाण्याने धुऊन तत्काळ कळवावे लागते. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावयाची असतात. एचआयव्हीसंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय कायद्याने संरक्षक साधने व ही औषधे पुरविणे संबंधित संस्थांवर बंधनकारक केले आहे. भीतीने वा संकोचाने इजा लपविल्यास उपचाराची ही मुदत मात्र हातची निघून जाते.