दामोदर हॉल आणि दामोदर नाट्यगृह: एका वास्तूचे दोन इतिहास



मुंबईत नाटक-सिनेमा कुठे बघायचा, असं वस्तीतली पोरं आम्हाला विचारतात तेव्हा मोबाईलवर चार नावं आधीच सापडलेली असतात. जुहूचं पृथ्वी, नरिमन पॉइंटचं एनसीपीए, दादरचं शिवाजी मंदिर, आणि मग मॉलमधलं मल्टिप्लेक्स. परळचं दामोदर नाट्यगृह त्यात नसतं. नोव्हेंबर 2023 पासून ते पुनर्विकासासाठी बंद झालं. रंगकर्मींनी आंदोलन केलं, शंभर वर्षांच्या नाट्यपरंपरेबद्दल हळहळ व्यक्त झाली. हळहळ खरी आहे, पण त्यात अर्धाच इतिहास आला.

7 जुलै 1896 रोजी मुंबईत पहिल्यांदा हलती चित्रं दाखवली गेली ती वॉटसन हॉटेलात. तिकीट एक रुपया, म्हणजे गिरणी कामगाराच्या एका दिवसाच्या मजुरीहून जास्त. करमणूक कोणासाठी, हे दारावर पाटी न लावताही असं ठरतं.

दामोदर उभं राहिलं ते गिरणगावात, 1922 साली. ना. म. जोशींनी 1911 मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगची ही वास्तू. लीग कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालयं चालवत होती. इथल्या रंगमंचावर कामगारांच्या हौशी मंडळ्या उभ्या राहिल्या, कोकणातल्या मंडळांचे प्रयोग झाले. पाळी संपवून चालत येता येईल असं हे थिएटर होतं.

आणि याच दामोदर हॉलमध्ये 9 मार्च 1924 रोजी दुपारी चार वाजता बाबासाहेबांनी सभा बोलावली. त्या सभेतून 20 जुलै 1924 ला बहिष्कृत हितकारिणी सभा जन्मली. तिचं कार्यालयही इथेच. पोयबावडीची बी.आय.टी. चाळ, जिथे बाबासाहेब राहत, ती इथून हाकेच्या अंतरावर.

गंमत बघा. आपल्या चरित्रग्रंथांत 'दामोदर हॉल' येतो, मराठी रंगभूमीच्या इतिहासात 'दामोदर नाट्यगृह'. जागा एकच. नाटकवाल्यांना सभा माहीत नाही आणि आपल्या पोरांना नाटक माहीत नाही. बंद झाल्याची बातमी आली तेव्हा आमच्यातल्याच कित्येकांनी ती 'नाटकवाल्यांचा प्रश्न' म्हणून पुढे सरकवली. हा दोष आपला आहे.

काही साथी म्हणतात, आपल्याला नाट्यगृह हवंच कशाला? भीमराव कर्डकांच्या जलशाला कधी खुर्च्या लागल्या? 11 जुलै 1997 च्या रमाबाई नगर गोळीबारात दहा जण मारले गेले, त्यावरचा आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' (2011) वस्त्यावस्त्यांत पडदा बांधूनच दाखवला गेला ना? मान्य. उघड्यावरची ती परंपरा आपलीच आहे आणि ती टिकलीच पाहिजे. पण चार महिने पाऊस असतो. मैदानाला परवानगी लागते, रात्री दहाला भोंगा बंद करावा लागतो. शिवाय नव्या पोरांनी दीड तासाचं नाटक बसवलं तर प्रकाशयोजना, विंग, मेकअपची खोली कुठून आणायची? मागे आम्ही वस्तीतल्या मुलांना घेऊन दूरच्या एका नाट्यगृहात गेलो होतो. तिकिटांपेक्षा जाण्या-येण्याचाच हिशेब जड गेला, आणि शेवटची गाडी चुकेल म्हणून दोन मुली तिसरा अंक न बघताच निघाल्या. थिएटर घरापासून किती लांब आहे, हाही प्रवेशबंदीचाच एक प्रकार आहे.

जलसा मैदानात आणि नाटक त्यांच्याकडे, ही वाटणी आपण का मान्य करायची? बाबासाहेबांनी 1924 मध्ये मैदान असतानाही छत असलेली, खुर्च्या असलेली जागा निवडली होती.

म्हणून संबंधितांना लेखी विचारण्यासारखे प्रश्न तीनच: नव्या इमारतीत नाट्यगृहाच्या खुर्च्या किती, हौशी मंडळांसाठी भाडं किती, आणि 9 मार्च 1924 ची नोंद भिंतीवर लागणार की नाही. येत्या 9 मार्चला दुपारी चार वाजता आम्ही परळला त्या दारासमोर जमणार आहोत. पत्राची प्रत सोबत असेल, सह्यांसाठी पेन आणा.