चवदार तळ्याकाठचा संघ

पोलादपूरकडची पोरे मला गुरुजी म्हणतात, पण मी त्यांना भूगोल की गणित शिकवीत नाही, फुटबॉल शिकवितो. भातकापणी झाली की मोकळे शेत हेच आमचे मैदान. पोराला धावावयास लावणे सोपे. चेंडू दिसत असताना जागेवर उभे ठेवणे महाकठीण. बचावातला एक गडी मोहाने पुढे गेला की मागे खिंडार पडलेच! १९६२ साली जाकार्ताला सय्यद अब्दुल रहीम यांनी बचावातल्या जर्नेलसिंगला आघाडीवर खेळविले आणि त्याने अंतिम सामन्यात गोल केला, ही गोष्ट पोरांना फार आवडते. पण थांबण्याचा धडा द्यावयाचा तर मी सावित्रीच्या काठाने खाली उतरतो, १९२७ सालच्या महाडला.

चवदार तळ्याची हकीकत वाचकांना ठाऊक आहेच. सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला, पुढल्या वर्षी महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले. कागदावर! मार्चात परिषद भरली तेव्हा प्रतिनिधींसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या स्थानिक तरुणांनी माणसे जमविली होती. अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस पाठीशी होते. २० मार्चला बाबासाहेबांमागून सारे तळ्यावर गेले, पाणी प्याले. मग देवळात शिरणार अशी आवई उठली आणि परतणाऱ्यांवर लाठ्या पडल्या. त्यांच्यात पलटणीतले निवृत्त शिपाईही होते. उलट हात उचलणे त्यांना काय जड? बाबासाहेबांनी आवरले आणि ते आवरले.

मला मात्र डिसेंबर अधिक मोठा वाटतो. पुन्हा पाणी घ्यावयाचे ठरवून हजारो माणसे महाडला आली, तो कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम पुढे उभा. मंडपाला जागा दिली ती एका मुसलमान गृहस्थाने. २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले. तुरुंगात जाण्यास लोक एका पायावर तयार होते. अशा वेळी पुढाऱ्याने नुसता हुकूम सोडला असता तर? बाबासाहेबांनी तसे केले नाही. सत्याग्रहाच्या बाजूची आणि विरुद्धची भाषणे होऊ दिली, कोण सिद्ध आहेत त्यांची नावे लिहून घेतली. आपल्या माणसांचे बळ त्यांना दिसले, लोकांनाही स्वतःचे बळ दिसले. मगच त्यांनी समजाविले की सरकारशी झगडा ओढवून घेण्यात आज हित नाही, कोर्टाचा निकाल होऊ द्या. लोकांनी ते मानले. मन मारून मानले असणार, यात मला शंका नाही.

नंतर मिरवणूक निघाली. ती तळ्याला वळसा घालून गेली, आणि पाणी हाताशी असताना कोणी खाली उतरले नाही.

दावा लांबला, अपिले झाली. मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी निकाल दिला, तो तळ्यावर आलेल्यांच्या बाजूने.