‘सधवा’ शब्दाचे कूळ

पंडितांनीही शब्द भलत्याच सांध्यावर तोडले आहेत. ऋग्वेदात वरुणाला ‘असुर’ म्हटले आहे. इराणात तोच शब्द ‘अहुर’ होऊन परमेश्वराच्या नावात बसला. आपल्याकडे पुढे त्यातला ‘अ’ नकाराचा ठरला आणि उरलेला ‘सुर’ देव झाला! ही झाली गंमत. ‘विधवे’ची कथा मात्र तशी नाही. लॅटिन ‘विदुआ’ आणि इंग्रजी ‘विडो’ ही या शब्दाची सख्खी भावंडे. मूळ अर्थ ‘वियोग झालेली’ एवढाच. नवऱ्याचा वाचक असा कोणताही तुकडा त्यात नाही. परंतु ‘वि’ हा उपसर्ग धरून उरलेला ‘धव’ म्हणजे पुरुष, अशी एक व्युत्पत्ती यास्काच्या निरुक्तातही आढळते. पुढे कोशांनी धवाला पती केले आणि त्याच्यावरून ‘सधवा’ घडली. रूढी शब्दातून उपजली असे माझे म्हणणे नाही. पण तिला व्याकरणाचा टेकू मिळाला खरा. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला, १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. हळदीकुंकवाच्या आमंत्रणातली वाटणी त्यानंतरही कितीतरी वर्षे तशीच चालू राहिली.