औद्योगिक नळकाम व वितळजोडकामातील संज्ञा आणि संक्षेप

औद्योगिक नळकाम व वितळजोडकामातील संज्ञा आणि संक्षेप म्हणजे कारखाने, वीजनिर्मिती केंद्रे व पाणी योजनांमधील नळ, त्यांचे सांधे, झडपा आणि तपासणी यांसाठी आराखड्यांत, खरेदीपत्रांत व प्रत्यक्ष कामावर वापरले जाणारे शब्द होत. यांतील बहुतेक संक्षेप इंग्रजी आद्याक्षरांपासून बनलेले असून मराठी भाषक फिटर व वेल्डर ते तसेच उच्चारतात. मराठी परिभाषेत वेल्डिंगला ‘वितळजोडकाम’ आणि बॉयलरला ‘बाष्पित्र’ किंवा ‘बाष्पक’ असे पर्याय आहेत.

स्थानिक संदर्भ

सातारा व सांगली जिल्ह्यांत या परिभाषेचा वापर मुख्यतः साखर कारखाने आणि उपसा सिंचन योजनांमध्ये होतो. कोरेगाव तालुक्यात चिमणगाव येथे जरंडेश्वर साखर कारखाना आहे. साखर कारखान्यांत बाष्पित्रातील वाफ, उसाचा रस, पाक व थंड पाणी यांच्या स्वतंत्र नळवाहिन्या असतात. गाळप हंगाम संपल्यावर त्यांची तपासणी व दुरुस्ती केली जाते. टेंभू, ताकारी व म्हैसाळ या योजनांमध्ये कृष्णा नदीचे पाणी पंपांद्वारे पोलादी ऊर्ध्वगामी नलिकांतून टप्प्याटप्प्याने वर चढवले जाते. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी हे गाव १९१० साली वसलेली औद्योगिक वसाहत असून पंपनिर्मितीसाठी प्रसिद्ध आहे.

नळाचे माप

नळाचा आकार ‘एनबी’ (नॉमिनल बोअर) किंवा ‘डीएन’ या नाममात्र मापाने सांगितला जातो. हे माप प्रत्यक्ष व्यासाशी तंतोतंत जुळत नाही. उदाहरणार्थ, २ इंची म्हणजे डीएन ५० नळाचा बाह्य व्यास (ओडी) ६०.३ मिमी असतो. १४ इंच व त्यापुढील नळांत मात्र नाममात्र माप व बाह्य व्यास एकच असतात.

भिंतीची जाडी ‘शेड्यूल’ या क्रमांकाने दर्शवतात. २ इंची नळाची जाडी शेड्यूल ४० मध्ये ३.९१ मिमी, तर शेड्यूल ८० मध्ये ५.५४ मिमी असते. बाह्य व्यास तोच राहत असल्याने जाडी वाढली की आतली पोकळी कमी होते.

बाजारात ‘ए’, ‘बी’ व ‘सी’ क्लास म्हणून मिळणारे नळ हे आयएस १२३९ या भारतीय मानकातील हलका, मध्यम व जड असे वर्ग होत. त्यांवर अनुक्रमे पिवळा, निळा व लाल पट्टा असतो. क्लास आणि शेड्यूल या दोन भिन्न पद्धती आहेत. शेड्यूल ८० च्या जागी केवळ ‘बी क्लास’ नळ बसवल्यास भिंत अपेक्षेपेक्षा पातळ पडते व वाफेच्या वाहिनीत ते धोकादायक ठरू शकते.

‘ईआरडब्ल्यू’ म्हणजे विद्युत रोधाने शिवण जोडलेला नळ, तर ‘सीमलेस’ म्हणजे बिनशिवणीचा नळ.

सांधे व झडपा

‘बीडब्ल्यू’ (बट वेल्ड) मध्ये दोन नळांची तोंडे समोरासमोर ठेवून जोडतात. ‘एसडब्ल्यू’ (सॉकेट वेल्ड) मध्ये नळ खाचेत बसवून बाहेरून जोड देतात. हा सांधा सहसा लहान व्यासासाठी वापरतात. ‘डब्ल्यूएनआरएफ’ म्हणजे उंचावलेल्या पृष्ठभागाची वेल्ड नेक फ्लँज, तर ‘एसओआरएफ’ म्हणजे त्याच पृष्ठभागाची स्लिप ऑन फ्लँज. फ्लँजवरील बोल्टच्या छिद्रांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासाला ‘पीसीडी’ म्हणतात. ‘एनआरव्ही’ ही प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारी झडप असून पंप थांबल्यावर ऊर्ध्वगामी नलिकेतील पाणी मागे फिरण्यापासून ती रोखते.

वितळजोडकाम

‘एसएमएडब्ल्यू’ म्हणजे लेपयुक्त कांडीने केलेले नेहमीचे आर्क वेल्डिंग. ‘जीटीएडब्ल्यू’ किंवा ‘टिग’ याला कार्यशाळांत ‘आर्गन वेल्डिंग’ म्हणतात. उच्च दाबाच्या नळात मुळाचा पहिला थर पुष्कळदा या पद्धतीने देतात.

‘ई७०१८’ या कांडीच्या नावातील ७० हा आकडा जोडधातूची किमान ताणशक्ती दर चौरस इंचास ७०,००० पौंड असल्याचे दाखवतो. १ म्हणजे सर्व स्थितींत वापरण्यायोग्य, तर शेवटचे दोन अंक मिळून लेपाचा प्रकार दर्शवतात. ही अल्प हायड्रोजन कांडी आहे. तिच्या लेपात ओल शिरल्यास हायड्रोजन जोडात मिसळून जोड थंड झाल्यावर तडे जाऊ शकतात. म्हणून ती भट्टीत तापवून कोरडी ठेवतात.

वेल्डरच्या परीक्षेतील ‘६जी’ स्थितीत नळ ४५ अंशांत तिरका व स्थिर असतो. नळ फिरवता येत नसल्याने एकाच सांध्यात सर्व स्थितींतील कौशल्य पारखले जाते. ‘डब्ल्यूपीएस’ हे जोडकामाच्या पद्धतीचे लेखी विवरण, तर ‘पीक्यूआर’ ही ती पद्धत नमुन्यावर सिद्ध झाल्याची नोंद होय.

तपासणी व नियम

अविनाशी तपासणीला ‘एनडीटी’ म्हणतात. ‘आरटी’ (क्ष-किरण किंवा गॅमा किरण) व ‘यूटी’ (श्राव्यातीत ध्वनी) यांनी आतील दोष, तर ‘डीपीटी’ या रंगद्रव्य चाचणीने पृष्ठभागावर उघडणारे तडे दिसतात. ‘एलओपी’ म्हणजे जोड मुळापर्यंत न पोहोचणे. जलदाब चाचणी (हायड्रोटेस्ट) अनेक संहितांनुसार अभिकल्पित दाबाच्या दीडपट दाबाने घेतात. तीत हवेऐवजी पाणी वापरतात, कारण दाबलेल्या हवेत साठलेली ऊर्जा नळ फुटल्यास स्फोटासारखी मुक्त होते.

‘आयबीआर’ म्हणजे भारतीय बाष्पित्र विनियम, १९५०. वाफेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ३.५ किलोग्रॅमपेक्षा अधिक असलेली वाहिनी त्यांच्या कक्षेत येते.

संदिग्ध संक्षेप

काही संक्षेपांना एकाहून अधिक अर्थ आहेत. ‘एफडब्ल्यू’ म्हणजे कार्यस्थळी करावयाचा जोड (फील्ड वेल्ड) किंवा बाष्पित्राचे पुरवठा पाणी (फीड वॉटर); ‘पीटी’ म्हणजे पृष्ठभागाची द्रव्यभेदन चाचणी किंवा दाब प्रेषक; ‘एसडब्ल्यू’ म्हणजे सॉकेट वेल्ड किंवा कार्यशाळेतील जोड (शॉप वेल्ड). त्यामुळे प्रत्येक आराखड्यावरील संक्षेपसूची प्रमाण मानून वाचन केले जाते.

हे सुद्धा पाहा: वितळजोडकाम, बाष्पित्र, पंप, उपसा सिंचन